लक्ष्मीच्या पायाशी

"डाग? अहो, ती आमच्या सासूबाईंची बोटं आहेत!"

काकू एवढं म्हणाल्या आणि माझा भिंग धरलेला हात तिथंच थांबला.

त्यांच्या देवघरातली लक्ष्मीची तसबीर 'खरी जुनी' आहे का, ते बघायला गेलो होतो. फ्रेम उघडली. भिंगाखाली ठिपके दिसले, पण कुठे दाट, कुठे विरळ, हाताने टिपल्यासारखे. आजच्या ऑफसेट छपाईत ते शिस्तीत, फुलाच्या पाकळ्यांसारखे बसतात. म्हणजे हा दगडावरचा छाप, लिथोग्राफ. फ्रेमवाल्याने खालची कड कापलेली (या जमातीला काय म्हणावं!), तरी इंग्रजीत 'कार्ला-लोणावळा' एवढं शिल्लक होतं. रविवर्मा प्रेस! चित्रकार राजा रविवर्मांचा छापखाना, १८९४ साली मुंबईत निघालेला, पुढे १८९९च्या सुमारास कार्ल्याजवळ मळवलीला हललेला.

मी खूश. काकूंना विशेष काही वाटलं नाही. लक्ष्मी ती लक्ष्मी.

मग मी जाणकारासारखा म्हणालो, "पायाशी हा लाल डाग नसता तर किंमत वाढली असती. साफ करणारे असतात."

त्यावर काकूंचं ते उत्तर. काच नंतर बसवलेली. त्याआधी दर शुक्रवारी सासूबाई थेट कागदावर कुंकू लावायच्या. वर्षानुवर्षं, त्याच जागी. तिथला कागद गुळगुळीत झालाय, कमळाची एक पाकळी तर पुसूनच गेलीय.

घरी आल्यापासून तीच पाकळी डोळ्यांसमोर आहे. माझ्या वहीत 'स्थिती' असा रकाना असतो. तिथे काय लिहू? 'खराब'?