संघराज्य नेहमी शेवटच्या प्रकरणात का?

राज्यशास्त्र शिकवताना मला एक गोष्ट सतत खटकते. न्याय, समता, स्वातंत्र्य यांना पानंच्या पानं मिळतात. संघराज्याची बोळवण मात्र केंद्र आणि राज्यांच्या अधिकारांच्या याद्यांवर होते. मूळ बहुधा फ्रेंच विचारवंत बोदँमध्ये आहे. १५७६ साली त्याने सार्वभौमत्व, म्हणजे राज्यातली सर्वोच्च सत्ता, अविभाज्य ठरवलं, पुढे इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जनेही तीच री ओढली. सत्ता एकच म्हटल्यावर तिचं वाटप ही नुसती कारभाराची सोय उरते.

१६०३ मध्ये जर्मन विचारवंत आल्थुसियसने मात्र दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली: आधी कुटुंब, मग व्यवसायसंघ, नगर, प्रांत आणि शेवटी राज्य. सार्वभौमत्व या संघटित समाजाचं, राजा त्याचा कारभारी. (पुढच्याच वर्षी तो एम्डेन शहराचा कायदेशीर सल्लागार झाला आणि शहराच्या हक्कांसाठी तिथल्या काउंटशी भांडत राहिला. त्याच्या विचारांइतकंच मला हेही आवडतं.)

अमेरिकेच्या संविधानाच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या मॅडिसनने १७८८ मध्ये त्या नव्या संविधानाची उभी चिरफाड करून दाखवली: प्रतिनिधिगृह लोकांकडून, सिनेट राज्यांच्या विधिमंडळांकडून, म्हणून ते धड राष्ट्रीय नाही, धड संघीयही नाही. ‘मी कायदा का पाळावा?’ हा राजकीय तत्त्वज्ञानाचा सर्वांत जुना प्रश्न. संघराज्यात कायदा करणारे दोन आहेत, केंद्र आणि राज्य, आणि नागरिक दोघांचाही. मग या प्रश्नाचं उत्तर एकच कसं असेल? वर्गात मी आता सुरुवातच इथून करते.