धुण्याचं पाणी आणि पिवळी पडलेली लिंबोणी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरातल्या महापुराचं पाणी आमच्या घरापर्यंत आलं नाही. साने गुरुजी वसाहतीकडचा आमचा भाग उंचावर आहे. पण शिंगणापूर आणि बालिंग्याची उपसा केंद्रं पुरात बुडाली आणि पंचगंगा गावात शिरलेली असताना आमच्या नळाला कित्येक दिवस थेंब नव्हता. टँकरपुढं घागरी लावून आम्ही पाणी भरलं. पुरवठा सुरू झाल्यावर मी साठलेलं धुणं मशीनला लावलं आणि मोरीतून गटाराकडं धावणारं पाणी बघत राहिले. ते पाणी बघवेना. पुढच्या धुण्याला पाईप बादलीत सोडून मोजलं. आमचं मशीन सेमी-ऑटोमॅटिक. एका भरण्याला ४५ लिटर. साबणाचं एकदा आणि विसळायचं दोनदा, म्हणजे एका धुण्याला १३५ लिटर. आठवड्यातून तीनदा आमच्याकडं मशीन लागतं.

मागच्या अंगणात दोन केळी, एक नारळ, जास्वंद, कढीपत्ता आणि मी हौसेनं लावलेली कागदी लिंबोणी आहे. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी आलं की पिण्याचं भरू का झाडांना घालू, हा प्रश्न असायचाच.

मग धुण्याचं पाणीच झाडांना घालायचं ठरवलं. सासूबाईंना यात नवल वाटलं नाही. "अगं, आमच्या परसात मोरीचं पाणी सरळ अळवात जायचं. पानं सुपाएवढी व्हायची," त्या म्हणाल्या. मग मीही फार विचार केला नाही. मशीनचा पाईप अंगणात सोडला, एवढंच.

पण पाणी पोचेना. सेमी-ऑटोमॅटिकला पाणी ढकलायला पंप नसतो, ते आपल्या वजनानंच उतरतं. प्लंबरमामांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, "वैनी, ढाळच न्हाई. मशीन तरी वर उचला, न्हाईतर झाडं खाली न्या." आम्ही दीड फुटाचा पक्का ओटा बांधला आणि मशीन त्यावर ठेवलं. खालून पीव्हीसीची लाईन, तिला एक टी आणि दोन बॉल व्हॉल्व्ह. एक गटाराकडं, एक अंगणाकडं. ही गटाराकडची वाट ठेवायचा आग्रह मामांचा होता. तेव्हा मला तो उगीच खर्च वाटला होता. आज कुणी विचारलं तर मी पहिल्यांदा तेच सांगते: गटाराची वाट कधीही बंद करू नका.

सुरुवातीला पाणी साठवून हवं तेव्हा घालावं म्हणून मी दोनशे लिटरचं पिंपही आणलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण उघडलं आणि नाक धरून मागं सरले. कपड्यांचा मळ आणि घाम त्या पाण्यात असतोच, तो बंद पिंपात कुजतो. हे पाणी निघालं की लगेच मातीत जायला हवं, फार तर चोवीस तासांत. पिंप धुऊन आता पावसाच्या पाण्याला ठेवलंय. ठिबकच्या नळ्यांचाही नाद सोडला, कारण कपड्यांचे धागे आणि लव त्यांची भोकं आठवड्यात बुजवतात. पाईपच्या तोंडाला जुना नायलॉनचा मोजा बांधला आणि पुढं सरळ उघडा पाईप. दर दोन धुण्यांनी मोजा उलटा करून झटकायचा.

पहिला उन्हाळा केळी जोरात वाढल्या आणि मी खूश होते. दुसऱ्या उन्हाळ्यात लिंबोणीच्या पानांचे शेंडे करपले, पानं पिवळी पडून गळायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं. तर पाणी आळ्यात उभंच राहायला लागलं, मुरेना. वाळल्यावर वर पांढुरका थर आणि खाली विटेसारखी घट्ट माती.

सासूबाईंचं माहेर शिरोळ तालुक्यातलं. त्या आळ्याजवळ बसल्या, ढेकूळ बोटांनी फोडायला गेल्या, फुटेना. म्हणाल्या, "ही तर आमच्या रानासारखी व्हायला लागली." त्यांच्या माहेरी उसाला पाणी सोडसोडून आणि निचरा नसल्यानं रान क्षारपड झालं होतं, पांढरं पडलं होतं. शिरोळच्या किती घरांनी ते भोगलंय. तिथं क्षार जमिनीतूनच वर आले. माझ्या अंगणात मी ते पुड्यातून आणून ओतत होते.

कारण पाणी तेच असलं तरी साबण तो नाही. अळवाच्या काळात मोरीत काय जायचं? राख, शिकेकाई, रिठा, वडीचा साबण, आणि तेही जपून. आता आपण वापरतो त्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, भरीला सोडियमचे इतर क्षार असतात. हे सोडियम काळ्या मातीत साचलं की तिचे बारीक कण एकमेकांपासून सुटतात, मातीतली भोकं बुजतात, पाणी आणि हवा आत जाईनाशी होते. लिंबूवर्गीय झाडं क्षारांना फार नाजूक, म्हणून लिंबोणीनं सगळ्यात आधी सांगितलं. नारळाला काहीच झालं नव्हतं. त्याच्याकडं बघून मी निर्धास्त राहिले, ही माझी चूक.

माती परीक्षणाला दिली. सामू, म्हणजे मातीचा पीएच, आला ८.७. साडेआठच्या वर गेला की सोडियम साचल्याचा संशय घ्यायचा, हे तिथल्या ताईंनी समजावून दिलं. उपाय शिरोळच्या रानातलाच निघाला: जिप्सम. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांवर सोडियमची जागा घेतं, आणि मग सुटलेलं सोडियम चांगल्या पाण्यानं खाली धुऊन जावं लागतं. नुसतं जिप्सम टाकून भागत नाही, निचरा लागतोच. मेमध्ये लिंबोणीचं आळं कुदळीनं हलक्या हातानं सैल केलं, मुळं जपत दोन ओंजळी जिप्सम आणि पाटीभर शेणखत मिसळलं, बाजूला चर काढून दिला. धुवायचं काम कोल्हापूरच्या पावसानं केलं.

त्याबरोबर घरातलं धुणंही बदललं. साबणाचं पहिलं पाणी आता अंगणात जात नाही. ते बादल्यांत धरून संडासाला ओततो, उरलेलं गटारात. झाडांना जातात ती फक्त विसळणीची दोन पाणी, म्हणजे ९० लिटर. पावडर सोडून पातळ साबण आणला, त्यात भरीचे क्षार सहसा कमी असतात. मापही निम्म्यावर आणलं आणि कपडे तेवढेच स्वच्छ निघतात. पांढऱ्या कपड्यांना ब्लीच घातलं, किंवा आजाऱ्याचे कपडे वा बाळाची दुपटी असली, की अंगणाचा व्हॉल्व्ह बंद. कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर यांना हे पाणी कधीच नाही. अळूही सासूबाईंच्या मनाविरुद्ध मी यातून काढला. फवारायचं नाही, पानांवर पडू द्यायचं नाही.

प्रत्येक आळ्यात वीतभर उसाचं पाचट पसरलंय. कोल्हापुरात त्याला तोटा नाही, चुलतभावाच्या रानातून पोतं भरून येतं. पाणी पाचटाखाली सोडलं की डबकं होत नाही, डास होत नाहीत, लवही तिथंच अडकून कुजून जाते. आणि एकाच झाडावर रोज मारा नको म्हणून पाईप फिरवते. सोमवारी केळी, बुधवारी नारळ आणि जास्वंद, शनिवारी पुन्हा केळी. लिंबोणीला नळाचं नाहीतर पिंपातलं पावसाचंच पाणी. तिला या पाण्याच्या वाटेला पुन्हा न्यायचं धाडस मी केलेलं नाही आणि करणारही नाही.

वर्षानं पुन्हा माती दिली तेव्हा सामू ७.९ आला. लिंबोणीला नवी पालवी होती, जुन्या करपलेल्या फांद्या मी छाटल्या. मृगाचा पहिला पाऊस झाला की व्हॉल्व्ह गटाराकडं फिरवते आणि ऑक्टोबरचं ऊन तापलं की अंगणाकडं. मधले चार महिने आळी पावसानं धुऊन निघू द्यायची. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडं अशीच लाईन टाकायची म्हणून मामांचा नंबर मागितला. नंबर दिला, आणि त्यांच्या मोरीतला पावडरीचा पुडा बघायला लगेच त्यांच्याबरोबर गेले.