भाकरीला डोस्कं लागतंय व्हय!

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी कडक भाकरी करून विकतात. सोलापुरात यात नवल काही नाही. पापडासारखी पातळ, डब्यात कितीही दिवस राहिली तरी कुरकुरीत, शेंगाचटणीबरोबर मोडून खायची. नवल वाटतं ते मावशींच्या हातांचं. परातीत एक भाकरी थापली जातेय, तव्यावरची दुसरी फडक्यानं दाबून कडक होतेय, मोबाइल कान आणि खांद्याच्या मध्ये अडकवलेला, आणि त्यावर कुणाच्या तरी बाळंतपणाची चर्चा. थापेचा ठेका मात्र चुकत नाही.

"मावशी, हे सगळं एकदम डोक्यात मावतं कसं?"

"भाकरीला डोस्कं लागतंय व्हय! हातच करतंय की."

मी हा विनय समजलो असतो. पण १९९२ साली अमेरिकेत मेंदूचे अभ्यासक रिचर्ड हायर यांनी काही तरुणांना टेट्रिस हा ठोकळे रचायचा व्हिडिओ गेम खेळायला लावून त्यांचा मेंदू किती साखर खातो ते पेट स्कॅनवर मोजलं होतं. चार ते आठ आठवड्यांच्या सरावानं गुण सातपटीहून जास्त वाढले, आणि साखरेचा खप उतरला! पुढे २०१४ साली जपानी संशोधकांनी फुटबॉलपटू नेमारची गोष्ट मांडली. एमआरआयमध्ये झोपून त्यानं नुसता पाय घोट्यात फिरवला, तेव्हा पाय हलवणारा मेंदूचा भाग हौशी खेळाडूच्या मानानं अगदी थोडाच जागा झाला.

म्हणजे मावशींचंच खरं. पण शांत मेंदू म्हणजे कसबी मेंदू असं धरलं, तर रविवारी दुपारी जेवल्यावर माझ्याइतका कसबी माणूस अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही. शिवाय सराव मेंदूत सगळीकडे घटच करतो असंही नाही. लंडनच्या जुन्या टॅक्सीवाल्यांमध्ये वाटांशी संबंध असलेल्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांहून मोठा निघाला होता.

मावशींचं माप घ्यायचं म्हटलं तर अडचणी वेगळ्याच. ते एमआरआयचं यंत्र विचार बघत नाही. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे धावणारं रक्त बघतं, आणि तेही काही सेकंद उशिरा. तोवर भाकरी उलटूनही झालेली असते. डोकं जराही हलवायचं नाही. त्या नळकांड्यात परात ठेवायची कुठे? आणि लोखंडी तवा त्या यंत्रातल्या जबरदस्त चुंबकाजवळ नेला तर भाकरी राहू दे, तवाच उडायचा.

तरी राहवेना, म्हणून परवा विचारलंच, "मावशी, नेमकी कधी उलटायची, हे तुम्हाला कशावरून कळतं?"

मावशी थांबल्या. फोनवरच्या बाईला "थांब गं" म्हणाल्या. तव्यावरच्या भाकरीकडे निरखून बघितलं, बोट लावलं, कड उचलली, परत सोडली. शेवटी उलटायला गेल्या आणि भाकरी मधोमध फाटली.

"बगा! कशाला इचारताव हो?"

फाटलेली त्यांनी माझ्याच पिशवीत घातली. हिशेबात मात्र धरली नाही.