तिरानोला उतरा, पण लाल गाडी सोडा

तिरानो स्टेशनवर मराठी ऐकू येणं आता काही विशेष राहिलेलं नाही. "अहो, आधी फोटो काढा, मग खा", "चॉकलेटी बॅग कोणाकडे आहे?" असं चालूच असतं, कारण स्वित्झर्लंडला जाणारी ती फेमस लाल बर्निना ट्रेन इथूनच सुटते. मिलानहून अडीच तास, त्यातला बराचसा वेळ कोमो लेकच्या काठाने, मग तिरानोला उतरायचं, पटकन पिझ्झा कोंबायचा आणि लाल गाडीत बसून स्वित्झर्लंडमधलं सेंट मॉरिट्झ गाठायचं. माझी चिडचिड नेमकी यावरच आहे. लोक ज्या डोंगराकडे पाठ करून ट्रेनबरोबर सेल्फी काढतात ना, त्या डोंगराकडे एकदा वळून तरी बघा!

हा भाग म्हणजे वाल्तेल्लिना. आड्डा नदीची लांबलचक दरी, पूर्वेकडून पश्चिमेला कोमोकडे जाणारी, त्यामुळे तिचा उत्तरेकडचा अख्खा उतार दक्षिणेला तोंड करून दिवसभर ऊन खात बसलेला असतो. त्या उतारावर खालपासून वरपर्यंत दगडी बांध, चुना नाही सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड रचलेले, आणि त्यामागे वाईनच्या द्राक्षांच्या दोन-चार वेलींपुरती माती. ही माती पण मूळची तिथली नव्हे, लोकांनी पाठीवरच्या टोपल्यांतून खालून वर नेलेली. सगळे बांध एकापुढे एक ठेवले तर अडीच हजार किलोमीटरच्या आसपास भरतात म्हणे. असे कोरडे बांध रचण्याची कला 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, इटलीबरोबर अजून सात देशांची मिळून. लाल गाडीचा मार्ग 2008 मध्येच गेला होता, म्हणून गर्दी सगळी तिकडे.

मिलानचे दिवस नणंदेच्या घरी भांडी, शॉपिंग आणि कॅथीड्रलच्या रांगेत गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

सोंद्रिओ या दरीतल्या मुख्य शहराजवळ आम्ही व्हिया देई तेर्राझ्झामेंती नावाच्या वाटेवरून चाललो. मोर्बेन्योपासून तिरानोपर्यंत सत्तरेक किलोमीटरची वाट आहे, आम्ही तिचा एक छोटासा तुकडा केला आणि मध्येच वर मळ्यांत जाणाऱ्या पायऱ्यांवर घुसलो, तिथे गुडघे बोलायला लागले. ट्रॅक्टर इथे चढूच शकत नाही. एका हेक्टरला वर्षाला हजाराच्या वर तास हातानेच काम, आणि काही ठिकाणी तर तोडलेली द्राक्षं हेलिकॉप्टरने खाली आणतात. नाशिकला जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणी बघितलेली, इथे ऑक्टोबर उजाडतो, कारण नेब्बिओलो हे द्राक्षच मुळात उशिरा पिकणारं. इथले लोक त्याला क्यावेन्नास्का म्हणतात. दुपारी कोमोकडून ब्रेवा नावाचा वारा येतो, तो वेली कोरड्या ठेवतो, आणि दिवसभर तापलेले दगड रात्री थोडी ऊब देतात. तरी रात्री गारठा असतोच. त्या गारठ्यामुळेच इथल्या वाईनमध्ये आंबटपणा असा शाबूत राहतो.

आता मुख्य गोष्ट, जेवण. नणंद म्हणाली, "वहिनी, पित्सोक्केरी खायचं तर तेल्योलाच." तेल्यो म्हणजे दरीच्या वर बसलेलं एक छोटं गाव. तिथल्या एका घरगुती हॉटेलात गेलो, चार-पाच टेबलं, एक आजी आणि तिचा मुलगा. मी सासेल्ला मागवली. वाल्तेल्लिना सुपेरिओरे ही इथली वरच्या दर्जाची रेड वाईन, तिचे पाच भाग आहेत, मारोज्जा, सासेल्ला, ग्रुमेल्लो, इन्फेर्नो, वालजेल्ला, त्यातला हा सोंद्रिओजवळचा. आजींनी बाटली उघडली, ग्लासात दोन बोटं ओतली, मी ग्लास उचलायला गेले तर बाईने चक्क ग्लासावर तळहात ठेवला! नणंदेशी इटालियनमध्ये काहीतरी कुजबुज. "वहिनी, त्या म्हणतायत जेवण येईपर्यंत थांबा."

आता सकाळपासून पायऱ्या चढून आलेय, पैसे मी देणार, आणि मी कधी प्यायचं हे ह्या ठरवणार? मी गोड हसले, आणि आजी आत गेल्या गेल्या घोट घेतला.

रंग एकदम फिकट, विटकरी झाक, ग्लासापलीकडची बोटं दिसत होती. वास सुरेख, वाळलेला गुलाब, चेरी, मागे कुठेतरी ओला दगड. आणि तोंडात? काथ जास्त झालेलं पान खाल्ल्यावर जीभ आणि हिरड्या कशा आवळून येतात, अगदी तसं. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतला तुरटपणा, एवढं की दुसरा घोट नको वाटला. नवरा म्हणाला, "ह्याच्यासाठी आपण डोंगर चढलो?"

मग पित्सोक्केरी आलं. कुट्टूच्या, म्हणजे बकव्हीटच्या, पिठाचे (थोडा गहू असतो त्यात) जाडसर नूडल्स, बटाटा, कोबी, वितळलेलं कासेरा चीज आणि वरून लसूण तांबूस केलेलं गरमागरम बटर, इतकं की ताटलीच्या कडेला तळं साचलेलं. माझा नवरा शाकाहारी, युरोपभर मार्गारीटा पिझ्झावर जगलेला, तो तर भावूकच झाला. (अगदी कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या, इथल्या पारंपरिक चीजमध्ये वासराचं रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं विरजण, असतं.) दोन घास खाऊन परत वाईन घेतली, आणि ती वेगळीच वाईन होती. टॅनिनला धरायला चीज मिळालं, जीभ सुटली, आंबटपणाने बटर कापून काढलं, आणि तोंड पुढच्या घासाला तयार. एरवी इतकं बटर मला चार घासांत नको होतं, इथे ताटली पुसून खाल्ली. आजी परत आल्या, ग्लासातली पातळी बघितली, काही बोलल्या नाहीत, फक्त यावेळी भरपूर ओतली.

शेवटी स्फोर्झातो पण घेतली. द्राक्षं तोडून माळ्यावर डिसेंबरपर्यंत सुकवतात, वजन बरंच घटतं, मग वाईन करतात, अल्कोहोल किमान 14 टक्के. सगळे हिचंच कौतुक करतात आणि किंमतही तशीच. मला विचाराल तर पित्सोक्केरीवर ती जड पडते, ताटात दोघांची मारामारी होते. जुन्या बित्तो चीजच्या तुकड्याबरोबर मात्र लाजवाब. आणि शात्त, म्हणजे आत चीज घातलेली कुट्टूची भजी, त्यांना इथली साधी रेड वाईन, रोस्सो दी वाल्तेल्लिनाच बरी, तीही गारसर. ब्रेझाओला हा तिथला वाळवलेला मांसाचा प्रकार बीफचा असतो, तो मी घेतला नाही, त्याबद्दल दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

घरी येताना बाटल्या आणल्या, माणशी दोन लिटर ड्यूटी फ्री चालतात. भावाने हौसेने एक तांबड्या रश्श्याबरोबर उघडली. मिरचीने टॅनिन अजून टोचायला लागलं, अल्कोहोल घशात जळजळलं, रस्सा पण वाया आणि वाईन पण. पुढची मी तुपात परतलेल्या मश्रूमबरोबर, नुसती काळी मिरी घालून, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून उघडली, ती छान लागली. पुण्यात एप्रिलमध्ये रेड वाईन 'रूम टेम्परेचर'ला देणाऱ्या हॉटेलवाल्यांनी एकदा त्या रूममध्ये थर्मामीटर लावून बघावा.