दोघांचा पहिला अल्बम: आवाज आधी वाटून घ्या

जोडीने पहिला स्टुडिओ अल्बम करायचं ठरलं की पहिली चौकशी माइकची होते. माइक नंतर बघू. दोन रॅपरचा अल्बम जमतो किंवा फसतो तो कोण काय बोलणार आणि नेमकं कुठे बोलणार यावर, आणि ते वहीत ठरतं. स्टुडिओचे तास सुरू झाल्यावर ठरवायला बसलात तर पैसेही जातात आणि घसाही.

हिशोब सोपा आहे. बीट (मागचं संगीत) ९० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला ९० मात्रांचा असेल तर एक बार, म्हणजे चार मात्रा, २.६७ सेकंदांचा, आणि सोळा बारचा व्हर्स (एकाचं कडवं) ४३ सेकंदांच्या आसपास. दोघांचे दोन व्हर्स, आठ बारचा हूक (धृपद) तीनदा, सुरुवातीला आणि शेवटी चार-चार बार मोकळे. झाले ६४ बार, २ मिनिटं ५१ सेकंद. अशी अकरा गाणी म्हणजे साधारण ३१ मिनिटं. पहिल्या अल्बमला एवढं भरपूर झालं. पण अकराही गाणी 'हूक, तू, हूक, मी, हूक' अशीच गेली तर चौथ्या गाण्यापासून ऐकणाऱ्याला पुढचं आधीच कळायला लागतं. म्हणून निदान तीन-चार गाण्यांत अदलाबदल हवी. चार बार याचे, चार त्याचे, मग दोन-दोन, शेवटी एकेक ओळ.

अदलाबदल फसते ती सांध्यावर. दुसऱ्याने बरोबर पहिल्या मात्रेवर सुरुवात केली की मध्ये फट पडते. त्याने आधीच्या बारच्या चौथ्या मात्रेवरच शिरायचं, पहिल्याचा शेवटचा स्वर अजून हवेत असताना. त्यासाठी दोघांचे ट्रॅक कायम वेगळे ठेवा आणि शेवटच्या अक्षराची शेपटी एडिटमध्ये कापू नका. डबल करताना, म्हणजे त्याच शब्दांवर दुसरा आवाज चढवतानाही तेच भान ठेवा. जोडीदाराच्या अख्ख्या व्हर्सवर आवाज चढवला तर दोघांचेही शब्द बुडतात. दर दुसऱ्या किंवा चौथ्या बारचा शेवटचा शब्द तेवढा एकत्र बोला, तिथेच जोडीची ताकद कळते.

मराठीत आणखी एक अडचण आहे. क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'चालतो-बोलतो', 'आहे-नाही' अशी यमकं फुकट मिळतात आणि दोघांचेही व्हर्स एकाच ठेक्यात पडतात. वहीचं पान चार रकान्यांत आखा, एक रकाना एका मात्रेचा, आणि चौथ्या रकान्यात क्रियापद येऊ देऊ नका. 'घाटाच्या पायरीवर, शाई अख्ख्या डायरीभर' यात क्रियापदच नाही, आणि 'पायरीवर-डायरीभर' हे लांब यमक चौथ्या मात्रेवर नीट बसतं. एकाने पहिला अर्धा म्हणावा, दुसऱ्याने पुरा करावा, मग बघा काय होतं ते.

हे सगळं घरी, मोबाइलवर गाइड टेक (कच्चं रेकॉर्डिंग) घेऊन पक्कं करा. श्वास कुठे घ्यायचा तेही कागदावर खूण करून ठेवा.

आता रेकॉर्डिंग. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर, आणि माइक किंचित बाजूला वळवलेला, कारण आपले भ, फ, ख थेट हवा मारतात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. आवाजाची शिखरं उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवा. 'चाक', 'जोर' यांतले दंत्य च-ज आणि स, हे कंडेन्सर माइकवर टोचतात. डी-एसर, म्हणजे हा टोचरा भाग दाबणारं साधन, साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये लावा, पण दोघांसाठी वेगवेगळा. एकाची सेटिंग दुसऱ्यावर चिकटवली तर दुसरा बोबडा वाटतो. दोघांचेही आवाज जाड असतील तर एकाचा २५० हर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबलने उतरवा. त्याहून चांगला उपाय म्हणजे त्याने मुळातच जरा वरच्या पट्टीत बोलणं.

नाशकात सिडकोत किंवा सातपूरला घरच्या खोलीत काम करणार असाल तर गणपतीआधीचे दोनेक महिने संध्याकाळी माइक उघडू नका. पथकांचे सराव चालू असतात, आणि ढोलाचा खालचा आवाज गाद्या-चादरींनी अडत नाही. गाद्या खोलीतला घुमारा मारतात, भिंतीपलीकडचा धूम नाही. सकाळी काम करा. गुणगुण येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बहुतेकदा दोष तिथेच असतो.

नाशिक ढोल गाण्यात घ्यायचा मोह होणारच, आणि घ्यावाच, पण तयार सॅम्पल नको, खरा घ्या. मोकळं मैदान, टिपरूच्या (काठीच्या) बाजूला एक डायनॅमिक माइक, एसएम ५७ सारखा, आणि थापेच्या बाजूला दुसरा. अंतर फूटभर. दोन्ही माइक समोरासमोर असल्याने एकाची पोलॅरिटी उलटी करावी लागते, नाहीतर ढोलाचं पोटच जातं. एकाच वादकाचे चार टेक एकावर एक रचले तर पथक वाटत नाही. तीन-चार वादक उभे करा, त्यांच्या हातांतल्या बारीक फरकातच पथकाचा भरणा आहे. क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, फक्त ताशेवाल्याच्या कानात द्या, ढोल ताशामागेच जातात. मिक्समध्ये ८०८ (बीटमधला खोल बास) आणि ढोल एकाच जागेसाठी भांडतात. ढोलाला ८०-९० हर्ट्झखाली कापा, तळ ८०८ ला सोडा, आणि ८०८ वर थोडं सॅच्युरेशन द्या, म्हणजे त्याचे वरचे सूरही उमटतील. एफ सुराचा ८०८ ४४ हर्ट्झच्या आसपास असतो, तो नुसता मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही.

मिक्सला बीटची एमपीथ्री देऊ नका. सगळे स्टेम, म्हणजे प्रत्येक वाद्याचे वेगळे ट्रॅक, शून्यापासून सुरू होणाऱ्या वेव्ह फाइल म्हणून द्या. मास्टर, म्हणजे गाण्याचं अंतिम रेकॉर्डिंग, मोठं वाजावं म्हणून फार दाबू नका. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळं उणे १४ लफ्सवर (जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणतं, मोठा मास्टर तिथे नुसता खाली ओढला जातो. गाण्यागाण्यांतली पातळी मीटरवर नाही, आवाजावर जुळवा.

बीट शक्यतो एकाच प्रोड्युसरकडून घ्या. दिल्लीच्या 'सीधे मौत' या जोडीचा २०१८ चा पहिला अल्बम 'बयान' प्रोड्युसर सेज ऑन द बीटच्या हाताखाली झाला, आणि तो एकसंध वाटण्यात त्याचा मोठा वाटा आहे. लीजवर घेतलेला बीट इतरांनाही विकला जातो. मग यूट्यूबवर दुसऱ्याचा दावा तुमच्या गाण्यावर येतो.

जुन्या शाहिरी रेकॉर्डचा तुकडा वापरायचा असेल तर दोन परवानग्या लागतात, शब्द-चालीची वेगळी आणि रेकॉर्डिंगची वेगळी. वामनदादा कर्डक आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, म्हणून त्यांची गाणी मोकळी झाली असं नाही. ते २००४ साली गेले, शब्दांवरचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०६४ अखेरपर्यंत वारसांकडे किंवा ज्यांना दिला त्यांच्याकडे आहे. 'पाच सेकंद चालतात' अशी कुठलीही सूट कायद्यात नाही.

वाटणी रेकॉर्डिंगआधी लिहून तिघांनी, म्हणजे तुम्ही दोघं आणि प्रोड्युसर, सही करा. शब्दांचे टक्के, संगीताचे टक्के, मास्टरची मालकी, गाण्यागणिक. लेखक-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व प्रत्येकाने स्वतंत्र घ्यायचं, जोडीच्या नावाने नाही. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल. स्पॉटिफायच्या संपादकांना एकच गाणं सुचवता येतं आणि तेही निदान सात दिवस आधी, म्हणून फाइल तीन-चार आठवडे आधी वितरकाकडे, म्हणजे गाणी अ‍ॅपवर चढवणाऱ्याकडे, द्या. पुढे वितरक बदललात तर आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख-कोड) तेच ठेवा, नाहीतर जुने स्ट्रीम नव्या अपलोडला जोडले जात नाहीत.