तुम्ही विचारलंत म्हणून: काचेच्या गुडगुडीला कुठलं यंत्र लावायचं

"ताई, तुम्ही गांजाचं ते वाफेचं यंत्र पाण्याच्या काचेच्या पाइपला लावून वापरता ना? त्यातलं कुठलं घेऊ?"

कॅनडात वॉटर्लूला आमच्याकडे जेवायला आलेल्यांपैकी कोणीतरी, बाकीचे बाहेरच्या खोलीत गेले की ताटं उचलता उचलता हळूच हे विचारतं. कोणाला केमोनंतरची मळमळ असते, कोणाचे सांधे धरलेले असतात, कोणाच्या आईला रात्र रात्र झोप नसते. आवाज का खाली येतो ते मला कळतं. गांजा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चिलीम आणि उद्ध्वस्त संसार येतो. मी ओंटॅरिओत राहते. कॅनडात औषध म्हणून गांजा २००१ पासून मिळू शकतो आणि १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना तो दुकानातूनही घेता येतो. तरी स्वयंपाकघरातल्या दोन मिनिटांत पुरं उत्तर देता येत नाही आणि अर्धवट उत्तरावर लोक पैसे घालवून बसतात. म्हणून सगळं एकदाच लिहिते.

माझं कारण आधी सांगते. २०२१ मध्ये मला नागीण झाली. बरगडीवरचे फोड तीन आठवड्यांत गेले, आग मात्र गेली नाही. अंगावर सुती ब्लाउजही सहन होईना. गोळ्यांनी दिवसभर गुंगी यायची. शेवटी डॉक्टरांनीच गांजाचा विषय काढला आणि मेडिकल डॉक्युमेंट, म्हणजे गांजासाठीचा डॉक्टरांचा कागद, लिहून दिलं. तेव्हा पहिली पायरी डॉक्टर, यंत्र त्यानंतर. घरात कोणाला मनोविकाराचा त्रास झालेला असेल, हृदयाचं दुखणं असेल, दिवस गेलेले असतील, तर हा विषय तिथेच थांबवा. तरुण मुलांनी तर यात पडूच नये.

आता यंत्राकडे वळू. गांजाची फुलं पेटवली की औषधाबरोबर डांबर आणि कार्बन मोनॉक्साइडही छातीत जातं. पेटवण्याऐवजी ती नुसती तापवली, तर औषधी द्रव्यं वाफ होऊन निघतात आणि फुलांचा चुरा जळत नाही. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात १८ जणांवर हे तपासलं होतं. रक्तात औषध जवळजवळ तेवढंच पोचलं, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मात्र पुष्कळ कमी भरला. म्हणजे त्रास शून्य होतो असं नाही. तरी फरक मोठा आहे, आणि माझ्यासारख्या साठीच्या बाईच्या फुप्फुसांना तो लागतो.

मग पाणी कशाला? इथे सगळ्यांचा एक गैरसमज असतो, पाणी घाण गाळतं म्हणून. तसं ते गाळत नाही. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात पाण्याच्या पाइपांमधून धूर काढून मोजला होता, तेव्हा डांबराच्या मानाने औषधाचं प्रमाण साध्या विडीपेक्षा काही सुधारलं नव्हतं. पाण्याचं काम वेगळं आहे. यंत्रातून येणारी हवा गरम असते आणि कोरडी ठणठणीत असते. दोन झुरक्यांत घसा खरवडून निघतो, ठसका लागतो आणि ठसक्याबरोबर माझी बरगडी पेटते. पाण्यातून बुडबुडत आलेली वाफ निवते आणि ओली होते. मी त्यासाठीच पाणी वापरते, आणि बर्फाचं नाही, कोमट. आजोबांच्या गुडगुडीचा आवाज ऐकलेल्या कोणालाही हे चटकन समजतं, म्हणून मी या पाइपलाही गुडगुडीच म्हणते.

तीस वर्षं मी प्रयोगशाळेत काढली, आधी ठाण्याला औषधांच्या, मग इथे खाद्यपदार्थांच्या. त्यामुळे तापमानाचा आकडा दिसला की तो कुठला आहे हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. यंत्राच्या पडद्यावर २०० दिसतं, ते जिथे सेन्सर बसवलाय तिथलं. चुऱ्याचं ते तापमान नव्हे. मी माझ्या पहिल्या यंत्रात बारीक थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, खोचून पाहिलं होतं. नुसतं ठेवलं तर आकडा जवळपास जुळायचा. पाइप लावून जोरात ओढलं की बाहेरची गार हवा आत शिरायची आणि चुरा वीस-पंचवीस अंशांनी खाली यायचा. मग मी आकडा वाढवायचे, आणि दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात चुऱ्याची कड करपायची. ते यंत्र स्वस्तातलं होतं, तापमानासाठी नुसते तीन रंगांचे दिवे, आणि पहिला आठवडाभर तापल्या प्लास्टिकचा वास. मी ते परत पाठवलं.

त्यावरून मी जी पहिली गोष्ट बघते ती ही: ओढताना तापमान टिकतं का. एकेका अंशाने बदलता येणारं हवं, आणि चुऱ्यातून गरम हवा नेणारं हवं. नुसत्या तापलेल्या भांड्यात चुरा ठेवणारं नको. पाण्यातून ओढायला जरा जास्त जोर लागतो, त्यामुळे दुबळं यंत्र पाइपला लावल्याबरोबर उघडं पडतं. आणि तुम्हीही श्वास सावकाश घ्या. गरम चहा बशीतून घेतो त्या चालीने.

किती तापमान, हे प्रत्येकजण विचारतो. लोक गांजातल्या सुगंधी द्रव्यांचा तक्ता मागतात: लिमोनीन १७६ अंशांना उकळतं, लिनालूल १९८ ला, मग अमुक आकडा लावला की अमुकच मिळेल ना? तसं होत नाही. दोरीवरचे कपडे वाळायला पाणी शंभर अंशांवर न्यावं लागत नाही. उकळबिंदूच्या बरंच खालीही द्रव्यं उडत असतात, आकडा वाढवला की वेगाने उडतात, एवढंच. मी १८० ला सुरू करते. मग १९०, अगदी वाईट रात्र असेल तर २००. त्याच्या वर मी जात नाही. २३० च्या आसपास चुरा करपायला लागतो, आणि मग वाफेच्या यंत्रासाठी एवढे पैसे घातले कशाला? म्हणून २६० पर्यंत जातं ही जाहिरात बघून कोणी यंत्र घेऊ नये.

आकड्यापेक्षा माझा भरवसा रंगावर आहे. संपल्यावर चुरा बशीत काढा. भाजणीसाठी धने भाजतो तितका तांबूस झाला असेल तर बरोबर. हिरवा राहिला असेल तर ओढ फार जोराची झाली. काळा पडला असेल तर दहा अंश खाली या. चुरा जाड रव्याएवढा असावा, मैद्यासारखा केला तर हवा जात नाही आणि कण नळीत येतात.

दुसरी गोष्ट सांध्याची, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. काचेच्या पाइपला घासून खरखरीत केलेला निमुळता सांधा असतो. आमच्या प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातनाची काच अशाच सांध्यांनी जोडायचो. बाजारात त्यांना १० मिमी, १४ मिमी आणि १८ मिमी म्हणतात. रुंद टोकाला मोजलं तर १४ चा सांधा १४.५ भरतो आणि १८ चा १८.८. शिवाय तो आत जाणारा आहे की आत घेणारा, म्हणजे मेल की फीमेल, हेही जुळायला लागतं. व्यास मोजायचं कॅलिपर नसेल तर कॅनडाचं दहा सेंटचं नाणं घ्या. त्याचा व्यास १८.०३ मिमी. फीमेल सांध्याच्या तोंडात ते आत उतरलं तर सांधा १८ चा, वरच राहिलं तर लहान. आधी पाइप मोजा, मग यंत्र बघा. उलट केलं की जोडावर जोड लावत बसावं लागतं, आणि प्रत्येक जोड म्हणजे मोडायची एक जागा.

सांध्याला ग्रीस लावायचं नाही. प्रयोगशाळेत लावायचो, पण तिथलं कोणी श्वासात घेत नव्हतं. पाण्याचं एक बोट फिरवलं की सांधा नीट बसतो. अडकला तर पिळू नका, बाहेरच्या बाजूवर गरम पाणी सोडा, बाहेरची काच जराशी फुगते आणि आतली सुटते. काच बोरोसिलिकेटचीच घ्या, साध्या काचेपेक्षा ती गरमीने खूप कमी फुगते, म्हणून सहजी तडकत नाही. आणि पाइप लहान घ्या, वीतभर उंचीचा. हातभर उंच पाइप दिसायला देखणा, पण वाफ त्याच्या काचेलाच चिकटून राहते.

आता नावं. मी ॲरायझर सोलो २ वापरते. कंपनी आमच्या गावचीच, पण कारण ते नाही. त्यात चुरा काचेच्या नळीत बसतो, वाफ काचेतूनच येते, ५० ते २२० अंशांमध्ये हवा तो आकडा लावता येतो आणि १४ मिमीच्या सांध्यात थेट बसणारी खरखरीत टोकाची नळी मिळते. यंत्र उलटं धरून पाइपवर टेकवायचं. एक हात मात्र यंत्राला कायम. मी एकदा फोन घ्यायला हात सोडला आणि पाइपची मान मोडली.

मात्रा रोज अगदी तितकीच लागणाऱ्यांना मी मायटी सुचवते. स्टॉर्झ अँड बिकेल या जर्मन कंपनीचं आहे, टुटलिंगेन या शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठी नावाजलेल्या गावातलं. त्याच्या औषधी आवृत्तीला इथल्या आरोग्य खात्याचा वैद्यकीय उपकरणाचा परवाना आहे. ते २१० पर्यंत जातं, आणि चुरा आधीच मोजून लहान डब्यांमध्ये भरून ठेवता येतो. बोटं थरथरणाऱ्या माणसाच्या मुलीने रविवारी आठवड्याचे डबे भरून ठेवले, हे मी पाहिलंय. त्याला पाइपचा जोड वेगळा घ्यावा लागतो आणि यंत्र जड आहे, म्हणून पाइप रुंद बुडाचा हवा. ज्यांना हातात धरणंच कठीण, त्यांनी टेबलावरचं, लांब नळीचं यंत्र घ्यावं. वजन टेबलावर राहतं, पाइपला फक्त नळी जोडायची.

पाइपमध्ये पाणी आतल्या नळीच्या छिद्रांच्या वर बोटाच्या एका पेराएवढंच. जास्त भरलं आणि चुकून फुंकर गेली, तर पाणी उलटं यंत्रात चढतं. रात्रभर पाणी ठेवू नका, बुळबुळीत थर धरतो. मी रोज ओतून टाकते. आठवड्यातून एकदा काच औषधाच्या दुकानातल्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जाडं मीठ घालून खळखळवते, भरपूर पाण्याने धुते, उपडी ठेवते. आमचं नळाचं पाणी जड आहे, काचेवर पांढरा थर येतो, त्याला व्हिनेगर. अल्कोहोल पुरतं उडाल्याशिवाय काच यंत्राला लावायची नाही, आणि यंत्राच्या पोटात तर ते कधीच ओतायचं नाही.

पहिल्यांदा घेणाऱ्यांना इथलं आरोग्य खातं सांगतं तेच मी सांगते: दहा टक्के किंवा त्याहून कमी टीएचसीचं (म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याचं) फूल, एक-दोन झुरके, आणि मग थांबा. त्या रात्री गाडी चालवायची नाही. माझ्या दुखण्याला तीन झुरके पुरतात. आग जात नाही, पण चादर अंगावर घेता येते.

भारतात जाताना यातलं काहीही बॅगेत नको, धुतलेली नळीसुद्धा. कॅनडाच्या सीमेपलीकडे गांजा नेणं, आणणं गुन्हा आहे, डॉक्टरांचा कागद असला तरी. तिकडे १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आहे आणि २०१९ पासून ई-सिगारेटवरही बंदी आहे. नळीतला चिकट थर तपासणीत सापडायला वेळ लागत नाही. मी गावी जाते तेव्हा ते तीन आठवडे डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांवरच काढते.

पाइप आधीच घेऊन ठेवला असेल तर पुढच्या वेळी जेवायला येताना तो सोबत आणा. कॅलिपर माझ्या स्वयंपाकघराच्या खणात आहे, मोजून सांगते.