कुंपणापलीकडचं पाणी: कोपऱ्यातल्या वाफ्याची नोंद

गेल्या वेळी मोगऱ्याची पानं पिवळी पडताहेत असं लिहिलं होतं. तेव्हा मी लोह कमी पडतंय असं ठरवून मोकळा झालो होतो. निदान साफ चुकलं. भर पावसात झाड दुपारी मान टाकत होतं आणि माती मात्र चिखल. मुळाशी बोट घातलं तर सडक्या अंड्यासारखा वास आला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, आणि गुदमरलेलं मूळ समोरचं पाणीसुद्धा ओढू शकत नाही. वर मी त्याला खत घालत होतो! दोन गुलाब तोवर गेलेच.

पुढचा जोराचा पाऊस आला तेव्हा छत्री घेऊन कोपऱ्यात उभा राहिलो. (ज्यांच्या बागेत पाणी साचतं त्यांनी हे एकदा कराच. पाऊस थांबल्यावर फक्त डबकं दिसतं, वाट दिसत नाही.) शेजारच्या काकांच्या पत्र्याच्या शेडची पन्हळ थेट भिंतीच्या बुडाशी रिकामी होत होती आणि भिंतीच्या भोकांतून सगळा लोंढा माझ्या वाफ्यात.

भांडायला जाण्याआधी हिशोब मांडला. 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. सरळ बाजूंच्या बरणीत त्या दिवशी 40 मिमी जमलं होतं. शेड 6 बाय 4 मीटर, म्हणजे 960 लिटर. शिंतोडे वगैरे वजा जाता 800 तरी धरा. माझा वाफा 4 चौरस मीटरचा, त्याच्या वाट्याचा स्वतःचा पाऊस जेमतेम 160 लिटर. म्हणजे पाचपट पाणी पाहुणं.

माती किती पिते तेही पाहिलं. 30 सेंमी खोल खड्डा खणून पाण्याने भरला, ते जिरू दिलं, मग पुन्हा भरून पट्टी लावली. कोरड्या मातीत पहिलं पाणी भराभर जिरतं आणि आपण फसतो, म्हणून मोजायचं ते दुसरं. तासाभरात पातळी उतरली 8 मिमी. या वेगाने खड्डा रिकामा व्हायला दीड दिवस! वरच्या अंगाला, पेरूजवळ, तोच आकडा 4 सेंमी आला.

काकांशी बोलणं दोन दिवस टाळलं. शेवटी पाऊस चालू असतानाच त्यांना बोलावलं. "काका, जरा इकडून बघता का?" एवढंच म्हणालो. ते भिंतीवरून वाकून बराच वेळ बघत राहिले. "अरे, मला वाटायचं आमच्याच मातीत मुरतंय." त्यांनी एल्बो (पाइपाचं कोपराचं वळण) लावून पन्हळीचं तोंड त्यांच्याकडच्या पिंपात सोडायचं कबूल केलं. पिंप 200 लिटरचं. ते 10 मिमी पावसातच भरणार हे मी त्यांना तिथेच सांगितलं. तेव्हा वरून वाहणारं पाणी कुठे न्यायचं हा प्रश्न दोघांचा झाला.

माझा बेत होता भिंतीलगत खडीचा चर: 5 मीटर लांब, 30 सेंमी रुंद, 45 सेंमी खोल. पण खडीत पोकळी असते साधारण 35 टक्के, म्हणजे चरात मावणार सव्वादोनशे लिटरच. चर ही टाकी नव्हे, वाट आहे. ती पुढे उघडी हवी, आणि मीटरला 1 सेंमी तरी उतार हवा.

मग गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून लेव्हल काढली. बुडबुडा राहिल्यामुळे पहिल्यांदा भलताच आकडा आला, पुन्हा भरावी लागली. 5 मीटरला उतार निघाला फक्त 2 सेंमी, आणि त्यापुढे चक्क बांध. तो बांध कुणाचा? माझाच. गेल्या वर्षी हौसेने फरशांची पायवाट केली ती 6 सेंमी उंच झाली होती. काकांचं पाणी पूर्वीही येत असणार, फक्त तेव्हा ते निघून जायचं. हे काकांना सांगितलं. ते हसले, मी नाही.

दोन फरशा काढून तिथे जाळीची नाली बसवली. ती जुन्या जमिनीपेक्षाही खाली घेतली, त्यामुळे चराला पूर्ण 5 सेंमी उतार मिळाला आणि पाणी बाहेरच्या गटारात जायला लागलं. चरात आधी जिओटेक्सटाईल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं), त्यावर खडी, मग भोकांचा पाइप, भोकं खालच्या बाजूला. पुन्हा खडी आणि कापडाची घडी. पिंपाचा ओव्हरफ्लो काकांनी याच चरात सोडला. वाफ्यात वाळू टाकू नका. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली तर ती आणखी घट्ट बसते. मी कुजलेलं शेणखत आणि पाचोळा मिसळून वाफा 15 सेंमी उचलला. सर्वांत ओल्या टोकाला कर्दळ लावली, तिला ओले पाय आवडतात.

काल 35 मिमी झाला. दोन तासांत पाणी ओसरलं, जाळीत मूठभर गाळ अडकला, तो काढला. कर्दळीला नवं पान आलंय. मोगऱ्याचं अजून कळत नाही. खोड नखाने खरवडलं तर आत हिरवं दिसतंय.